पश्चिमेची भिंत

पुण्यात आता पूर्वीसारखी थंडी पडत नाही, असं सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. माझी खोबरेल तेलाची बाटली अजून मार्गशीर्षात थिजते, सकाळी ती गॅलरीत उन्हाला ठेवावी लागते, टाचांना भेगा पडतात आणि मंडईत ओला हरभरा, पावटा, बोरं दिसायला लागतात. एवढं झालं की माझं मन बिघडतं. घरातले आता कारण विचारत नाहीत. "हिचा हिवाळा सुरू झाला," असं नवरा एकदा म्हणाला होता, तेव्हा मी त्याच्याशी चांगले दोन दिवस बोलले नव्हते. अबोला धरणं आमच्या माहेरच्या रक्तातच आहे, त्याला मी तरी काय करू!

यंदा निमित्त सईनं दिलं. सई माझी मुलगी. आधी निम्मा दिवस हिंजवडीच्या बसमध्ये काढायची, आता निम्मं वर्ष कॅनडात बर्फात काढते. परवा व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "आई, आम्ही घराला नवीन साइडिंग करतोय."

"ते काय असतं बाई?"

"अगं, भिंतींना बाहेरून आवरण. फळ्या असतात, एकीवर एक बसवलेल्या. आमच्या जुन्या झाल्यात, तडकल्यात. आतून इतकं गार लागतं ना, हीटिंगचं बिल बघून रडू येतं."

मग तिनं मला सगळं साग्रसंगीत सांगितलं. तीन कंत्राटदारांकडून आकडे मागवलेत. एक म्हणतो प्लॅस्टिकच्या फळ्या लावा, स्वस्त पडतील, पण कडाक्याच्या थंडीत तडकू शकतात. दुसरा म्हणतो सिमेंटच्या लावा, महाग पण टिकाऊ. शिवाय आवरणाच्या आत एक जाड थर घालायचा, म्हणजे घराला गोधडीच पांघरायची. जावयानं कॉम्प्युटरवर मोठा तक्ता मांडलाय, कुठे किती पैसे जातील त्याचा. बर्फ आहे तोवर सगळं ठरवायचं आणि वितळला की काम सुरू करायचं. मला मजा वाटत होती. आपली पोर एवढ्या लांब, परक्या देशात भिंतीला काय पांघरायचं याचा विचार करतेय, हे ऐकायला बरं वाटत होतं.

"आणि एका बाजूला शेजाऱ्याच्या आवारात शिड्या लावाव्या लागणारेत," ती म्हणाली. "त्याला विचारून टाकलं. कुत्र्याला घेऊन चालला होता, तिथेच रस्त्यात विचारलं. म्हणाला, लावा की."

"एवढंच म्हणाला?"

"मग अजून काय म्हणणार?"

सई तिकडून "आई, आवाज येतोय का? नेट गेलं का?" असं विचारत राहिली. आवाज नीट येत होता. मीच इथे नव्हते. मी आमच्या पर्वतीच्या पायथ्याच्या घरात, स्वयंपाकघराच्या भिंतीला पाठ लावून बसले होते, आणि आई चुलीपाशी बसून धापा टाकत होती.

आजोबांनी तो प्लॉट घेतला तेव्हा तिकडे संध्याकाळनंतर टांगेवाले यायला कुरकुर करायचे म्हणे. आजोबांच्या मागे अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आणि त्यांच्या धाकट्या भावानं, मधूकाकानं, दोरी धरून त्याचे दोन भाग केले. दोघांनी आपापली बैठी घरं बांधली. अण्णांचं घर पूर्वेला, काकाचं पश्चिमेला. मधे कुंपण घालायचं नाही असं ठरलं. "भावाभावांत कसली आलीय हद्द," असं तेव्हा दोघंही म्हणाले होते, आणि त्या भरात अण्णांनी आपली पश्चिमेची भिंत थेट हद्दीवरच उठवली. भिंत संपली की काकाचं अंगण. लहानपणी मला ते एकच घर वाटायचं. जेवायला मी आमच्याकडे बसायचे आणि आंबट वरणासाठी वाटी घेऊन काकूकडे पळायचे.

ज्यानं पुण्याचा पाऊस बघितलाय त्याला पश्चिमेच्या भिंतीबद्दल वेगळं सांगायला नको. झड सगळी तिच्यावर. आमच्या त्या भिंतीला लागून आत दोन खोल्या होत्या, स्वयंपाकघर आणि निजायची खोली. आषाढात भिंत ओल धरायची ती दिवाळी झाली तरी सोडायची नाही. चुन्याचे पोपडे भाकरीच्या पिठात पडायचे. फडताळातल्या मिठाला पाणी सुटायचं, काड्यापेटी पेटायची नाही, ट्रंकेतल्या रेशमी साड्यांवर पांढरे ठिपके पडायचे. कपाट सरकवलं की मागे काळीकुट्ट बुरशी. त्या दोन खोल्यांना एक वास होता. अजूनही एखाद्या तळघरातल्या दुकानात तो वास आला की मी काही न घेता बाहेर येते.

आणि आईला दमा होता. दिवसा स्वयंपाकघर, रात्री ती खोली. बाई जाणार कुठे? पुढची खोली पाहुण्यांची आणि माझ्या अभ्यासाची. तिथे झोप म्हटलं तर म्हणायची, "तुझी बी.ए.ची परीक्षा आहे, मला खोकताना ऐकत बसशील." त्या वर्षीचा पावसाळा तिनं कसाबसा काढला. उशांची उतरंड रचून बसल्या बसल्या झोपायची. ऑक्टोबरात जरा बरी झाल्यावर अण्णा तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले, मीही बरोबर होते. डॉक्टर आमच्या ओळखीतले, स्पष्ट बोलणारे. म्हणाले, "औषधं मी देईन हो. पण पुढचा पावसाळा हिला त्या ओलीत काढायला लावू नका. आधी त्या भिंतीचं बघा."

घरी आल्यावर चपला काढता काढता अण्णा म्हणाले, "या हिवाळ्यात भिंत करून टाकायची."

अण्णा सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. तीन अंदाजपत्रकं हातात आल्याशिवाय त्यांनी घरात पाटासुद्धा विकत घेतला नसता. दिवाळीची रांगोळी पुसली आणि माणसं यायला लागली. पहिल्यानं सांगितलं, सगळं खरवडून सिमेंटचा गिलावा करू. दुसरा म्हणाला, डांबर फासा, काळी दिसेल पण थेंब यायचा नाही. तिसरे इस्माईलभाई. त्यांचं कसब्यात पत्र्याचं छोटं दुकान होतं, बादल्या, पन्हळी, बंबाची डागडुजी असलं काम. आमचा बंबही त्यांच्याकडचाच. ते भिंतीकडे बघून म्हणाले, "साहेब, बाहेरून लाकडी रिपा मारू, त्यावर नळीचे पत्रे ठोकू. भिंत आणि पत्रा यांच्यात वारा खेळता राहील. आत्ता थंडीत भिंत कोरडी होऊ द्या, शिमग्याच्या आत आपण झाकून टाकू."

हे अण्णांना पटलं. मग संध्याकाळी कचेरीतून आल्यावर तोच विषय. रिपा सागाच्या घ्यायच्या की साध्या, पत्रे जस्ताचे की सिमेंटचे, बोहरी आळीत कुणाकडे काय भावानं मिळतात. अण्णांनी फंडातून कर्ज काढलं, ते मंजूरही झालं. पैशांची अडचण नव्हती. हे मला आजही टोचतं. पैसे नसते तर निदान परिस्थितीला शिव्या देता आल्या असत्या.

त्या हिवाळ्यातल्या सकाळी माझ्या डोळ्यांसमोर स्वच्छ आहेत. बंबातल्या ढलप्यांचा धूर, तोंडातून निघणारी वाफ, कानटोपी घालून दात घासणारे अण्णा. ऊन आलं की आई गोधड्या गच्चीवर टाकायची आणि स्वतःही त्यांच्याशेजारी बसायची, पाठ उन्हाकडे करून. कोरडी हवा तिला मानवायची. रंग उजळला होता, खोकला जवळजवळ गेला होता. ओल्या हरभऱ्याचे घाटे सोलता सोलता ती गाणं गुणगुणायची. मला वाटायचं, झालं, आता ही बरी झाली. एकदा मी भिंतीला हात लावून "किती गार आहे गं" म्हटलं, तर म्हणाली, "असू दे, बिचारीला आता पत्र्याचा कोट मिळणार आहे. मला नवीन स्वेटर नाही, पण भिंतीला कोट!" आणि स्वतःच हसली. तिला हसताना पूर्वी ठसका लागायचा. तेव्हा लागला नाही.

काम अडलं ते बांबूंपाशी.

इस्माईलभाईंनी दुसऱ्या खेपेला मापं घेतली आणि सहज म्हणाले, "परांचीचे बांबू त्या अंगणात रोवावे लागतील. आणि पत्रा चार बोटं पलीकडे येईल. तेवढं शेजारी विचारून ठेवा."

अण्णा म्हणाले, "हो हो, विचारतो."

आई माझ्याकडे बघायला लागली आणि मी आईकडे. कारण अण्णा आणि मधूकाका यांचा गेली दोन वर्षं अबोला होता.

कारण काय, तर सांगायलाही लाज वाटावी असं. आमच्या गच्चीचं पाणी काकाच्या अंगणात पडायचं. पहिल्यापासूनच पडायचं. एका पावसाळ्यात काकूचा पाय त्या चिखलावरून घसरला, मनगट दुखावलं. काका तावातावानं आमच्या दारात आला आणि चार माणसांदेखत म्हणाला, "दादा, पाणी तुमचं आणि चिखल आमचा, ही वाटणी कुठली?" अण्णांनी आधी काकूची विचारपूस करायची की नाही? पण समोर माणसं होती ना. अण्णा म्हणाले, "एवढा त्रास होत असेल तर अंगणाला छत्री लाव." शेजारचे लोक हसले. काका मागे फिरला आणि संपलं. नंतर अण्णांनी गुपचूप पन्हळ बसवून घेतली, पाणी आपल्या बाजूला वळवलं, पण ते काकाला सांगणार कोण? तेव्हापासून दोघांमधला व्यवहार दूधवाल्यामार्फत. "शेजारच्यांना सांगा, नळाचं पाणी उद्या लवकर जाणार आहे." शेजारचे सात पावलांवर उभे असायचे आणि त्यांना ते स्वच्छ ऐकू गेलेलं असायचं. तरी दूधवाला बिचारा जाऊन सांगायचा.

आम्ही दोघी मात्र काकूशी बोलायचो. बायकांना अबोला परवडत नाही, विरजण लागतं, कढीलिंब लागतो. म्हणून आई म्हणाली, "मी सुमनच्या कानावर घालू का? ती भावजींना सांगेल, एका मिनिटाचं काम आहे."

"माझ्या परस्पर काही करायचं नाही," अण्णा म्हणाले. "भिंत माझी आहे, मीच विचारीन."

"मग विचारा."

"विचारीन म्हटलं ना."

इस्माईलभाई शनिवारी आले. "विचारलं का साहेब?" अण्णा म्हणाले, "जरा सवड होऊ द्या." पुढच्या शनिवारी आले. अण्णा म्हणाले, "आता पौष लागतोय. पौषात नवीन काम नको." एरवी कधी पंचांग न उघडणारा माणूस! शेवटी इस्माईलभाई संकोचून म्हणाले, "मी विचारू का? माझंही त्यांच्याकडे जाणं-येणं आहे." अण्णांचा चेहरा उतरला. "नको. आमच्या घरातलं आम्ही बघू." इस्माईलभाईंनी चहा संपवला, आईला "येतो वहिनी" म्हणाले आणि सायकल घेऊन गेले.

माझे वडील दुष्ट नव्हते. आईच्या पायाला मुंगी चावली तरी मलम घेऊन धावणारा माणूस. रात्री तिला धाप लागली की पाठ चोळत बसायचे, सकाळी तसेच कामावर जायचे. तिच्यासाठी त्यांनी काय केलं नसतं? तिच्यासाठी त्यांनी दोन खोल्या पाडून नव्या बांधल्या असत्या. पण "मधू, तुझ्या अंगणात बांबू लावू का?" एवढं वाक्य त्यांच्या घशातून वर येईना. हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आता या वयातही कळलेलं नाही. आम्ही पुणेकर दारावर पाट्या लावतो, दोन शब्दांत माणसाला गार करतो, त्याचं आम्हाला भारी कौतुक. पण मागणं आम्हाला येत नाही. कुणी न मागता दिलं तर घेऊ, आणि घेतानाही "कशाला उगाच" म्हणू.

उपाय आईनंच काढला. म्हणाली, "संक्रांत येतेय. त्या दिवशी तिळगूळ द्यायला येणं-जाणं होतंच. भांडलेली माणसंसुद्धा त्या दिवशी बोलतात, त्यात कुणाचा कमीपणा नाही. तेवढ्यात बांबूंचं बोलून घ्या." अण्णांना हे एकदम पसंत पडलं. त्यांची कळी खुलली. त्या वर्षी आईनं तिळाच्या वड्या जास्त केल्या. वेलदोड्यासाठी हात आखडता घेतला नाही. गुळाचा पाक चुलीवर असताना घरभर जो वास सुटला होता, त्यानं त्या भिंतीचा वास दोन दिवस झाकून टाकला.

संक्रांतीच्या दिवशी अण्णा सकाळीच इस्त्रीचं धोतर, कोट घालून पुढच्या खोलीत बसले. टेबलावर वड्यांची ताटली, वर जाळीचं झाकण. फाटक वाजलं की मान वर व्हायची. कचेरीतले लोक आले, गल्लीतली मुलं आली, माझ्या मैत्रिणी आल्या, सगळे तिळगूळ देऊन घेऊन गेले. दुपार झाली. आई दोनदा बाहेर येऊन बघून गेली.

"अहो, मग तुम्हीच जा ना."

"मी थोरला आहे," अण्णा म्हणाले. "तिळगूळ घेऊन धाकट्यानं यायचं असतं. मी जायला तयार आहे, पण रीत म्हणून काही आहे की नाही? त्यानं नुसतं दारात यावं. मी पुढे होऊन त्याला मिठी मारीन."

संध्याकाळी दिवे लागले तरी कोट अंगावरच होता. मग त्यांनी तो काढून खुंटीला अडकवला आणि म्हणाले, "रथसप्तमीपर्यंत तिळगूळ चालतो."

मधल्या दिवसांत सुमनकाकूचं हळदीकुंकू झालं. आई गेली होती. वाण घेऊन आली ती दारात उभ्या उभ्याच अण्णांना म्हणाली, "भावजींनी अंगण कसं लख्ख मोकळं केलंय. आपल्या भिंतीकडेच्या कुंड्या हलवल्यात, ढलप्यांचा ढीग हलवलाय, कपड्यांची तारसुद्धा सोडलीय. ते आपल्या बांबूंसाठीच असणार हो. त्यांच्या कानावर गेलंय."

मीही गच्चीवरून बघून आले. खरंच, भिंतीच्या कडेनं सगळी जमीन झाडून सारवल्यासारखी रिकामी होती.

अण्णा पेपर खाली न ठेवता म्हणाले, "आपल्या भिंतीजवळ कुंडीसुद्धा नको झालीय त्याला."

"असं काय बोलता?"

"बरं, आपल्यासाठी असेल तर तोंडानं सांगेल की."

"त्यांनाही तसंच वाटत असेल," आई म्हणाली. "तुम्ही तोंडानं विचाराल म्हणून." आणि आत जाऊन तिनं भाजी चिरायला घेतली. काकूशीही ती तिथे बांबूंबद्दल चकार शब्द बोलली नव्हती. नवऱ्याला शब्द दिला होता ना. काकूनंही तसाच दिलेला असणार. दोघी एकमेकींना कुंकू लावून, तीळ देऊन, गोड गोड बोलून घरी आल्या होत्या.

रथसप्तमीचा दिवस तर मी कधी विसरणार नाही. मी गच्चीवर केस वाळवत बसले होते. खाली अण्णा हातात वड्यांचा डबा घेऊन फाटकाशी आले. काका आपल्या ओट्यावर पेपर वाचत होता, अंगात धुतलेला झब्बा, जवळ एक वाटी झाकून ठेवलेली. अण्णांनी घसा साफ केला. काकानं पेपरातून मान वर केली. दोघंही एकमेकांकडे बघत होते, माझी शपथ! आत्ता, आत्ता बोलणार असं मला वाटलं. तेवढ्यात दूधवाला आला, आणि अण्णा त्याला म्हणाले, "काय हो, उद्या अर्धा शेर जास्त टाकाल का?" काकानं पेपर पुन्हा तोंडासमोर धरला. अण्णा डबा घेऊन आत गेले. मला वरून ओरडावंसं वाटलं, पण मोठ्यांच्या मधे बोलायची पद्धत आमच्याकडे नव्हती.

शिमगा आला आणि गेला. इस्माईलभाई शेवटचं येऊन गेले. दुसरीकडे मोठं काम मिळालं होतं, आता पावसाळ्याआधी जमायचं नाही म्हणाले. अण्णा म्हणाले, "हरकत नाही, पुढच्या हिवाळ्यात करू." मग त्यांनी आतून भिंतीला डांबरी कागद चिकटवला, त्यावर चुना दिला. आई म्हणाली, "छान झालंय की. आणि भिंत कुठे पळून जातेय?" ती त्यांना कधी टोचून बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं मला कितीदा वाटतं. तिनं आदळआपट करायला हवी होती, माहेरी निघून जायला हवं होतं. आईच्या त्या समजूतदारपणाचाही मला राग येतो. ती सगळ्यांचं मन राखत बसली आणि स्वतःच्या छातीचं कुणी ऐकलं नाही.

पाऊस त्या वर्षी काही जगावेगळा नव्हता. नेहमीसारखाच पडला. आषाढाअखेर डांबरी कागद फुगला, खालून सुटला आणि त्यामागून तोच वास यायला लागला. श्रावणात एक आठवडा झड थांबलीच नाही. भिंतीवरून हात फिरवला तर तळवा ओला व्हायचा. आता मी हट्टानं आईला पुढच्या खोलीत आणून निजवलं, पण उशीर झाला होता. तिला बोलताना वाक्य पुरं करता येईना. अर्धं बोलायची आणि उरलेलं डोळ्यांनी सांगायची.

एका सकाळी तिची नखं निळी दिसायला लागली. अण्णा नुसते "अगं, अगं" करत उभे राहिले. मी मागच्या दारी जाऊन किंचाळले, "काका!" आणि काका चूळ भरत होता तो तसाच आला. अबोला धरल्यापासून पहिल्यांदा. फाटकाकडून वळसा घालून यायलाही थांबला नाही, भिंतीच्या टोकाशी असलेल्या मोकळ्या जागेतून, चिखलातून अनवाणी आला. त्यानंच रिक्षा आणली, त्यानंच आईला उचललं. रिक्षात आईचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. तिनं त्याच्याकडे बघितलं आणि हसल्यासारखं केलं. "भावजी, आलात," एवढं म्हणाली. दवाखान्यात पोचल्यावर ती दुपारपर्यंत होती.

दिवसकार्याच्या काळात आमची दोन घरं पुन्हा एक झाली. सुतक दोघांनाही सारखंच. काकू माझ्या उशाशी झोपायची. एकदा माझे केस विंचरताना तिचा हात थांबला. म्हणाली, "विदू, तुला सांगू? संक्रांतीला हे सकाळपासून झब्बा घालून बसले होते. म्हणत होते, दादाला माझ्या अंगणात काम आहे, तो आज बोलावणं पाठवेल, मग मी तिळगूळ घेऊन जाईन. न बोलावता गेलो आणि तो पुन्हा चार माणसांत काही बोलला तर? अंगण त्यांनी स्वतःच्या हातानं साफ केलं. म्हणाले, बांबूवाले आले तर कुंड्या फुटायला नकोत." मग ती माझ्या पाठीवर डोकं टेकून रडायला लागली. मला रडू आलं नाही. मला त्या दोन बाप्यांना समोरासमोर उभं करून गदागदा हलवावंसं वाटलं. पण दोघंही पुढच्या खोलीत, भिंतीला टेकून, खाली मान घालून बसले होते. त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

सईला हे सगळं कसं सांगायचं? आजी दम्यानं गेली, एवढंच तिला माहीत आहे. तेही खरंच आहे. तिच्या तक्त्यात फळ्या आहेत, मजुरी आहे, आतला उबदार थर आहे. शेजाऱ्याला विचारण्याचा त्यात रकाना नाही, कारण त्याला काही पडत नाही. आमच्याकडे तेवढंच काय ते महाग होतं.

पुढच्या संक्रांतीला आमच्या घरात सण नव्हता, तीळ भाजायचे नव्हते. वर्ष सरलं नव्हतं ना. सकाळी फाटक वाजलं. काका डबा घेऊन आला, त्यानं अण्णांच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि उठता उठता म्हणाला, "दादा, बांबू कधी लावायचे?"

अण्णा त्याच्याकडे बघत राहिले. "आता कुणासाठी रे?" म्हणाले.

काका म्हणाला, "तुम्ही काही करू नका. मी बघतो." दुसऱ्या आठवड्यात तोच कसब्यात जाऊन इस्माईलभाईंना घेऊन आला. काकाच्या अंगणात बांबू उभे राहिले. रिपा ठोकल्या, पत्रे चढले. काकू त्या लोकांना चहा द्यायची, मी वरून बघायचे. मला वाटलं होतं, एवढं अडलेलं काम, महिनाभर तरी चालेल. तीन दिवसांत झालं. चौथ्या दिवशी बांबू काढून नेले आणि काकानं कुंड्या पुन्हा जागेवर ठेवल्या.

मग पावसाळा आला. अण्णा आईच्या त्या खोलीत पाऊल टाकत नसत, पुढेच झोपायचे. श्रावणात एका दुपारी झड लागली. पत्र्यांवर पाण्याचा असा ताशा वाजत होता की मोठ्यानं बोलावं लागावं. मी स्वयंपाकघरात होते. आतल्या खोलीतून अण्णांची हाक आली, "विदू, जरा इकडे ये गं."

आईची खाट होती त्या जागी ते उभे होते, दोन्ही तळवे भिंतीवर टेकून. "हात लाव," म्हणाले. मी लावला.

"कोरडी आहे ना?"

"हो अण्णा."

"खाली बघ. कोपऱ्यात बघ."

मी वाकून कोपऱ्यात हात लावला. कपाटामागे हात घालून बघितलं. भिंत ठणठणीत कोरडी होती. तो वाससुद्धा नव्हता.

"तिला केवढं बरं वाटलं असतं," अण्णा म्हणाले, आणि कपाळ भिंतीला टेकून हमसाहमशी रडायला लागले. आई गेली तेव्हाही ते असे रडले नव्हते.

तेवढ्यात बाहेरून, भिंतीच्या अगदी पलीकडून, काकाची हाक आली. भर पावसात छत्री घेऊन तो पत्रे बघायला अंगणात उतरला होता. "दादा! आत ओल येत नाही ना?"

अण्णांचे हुंदके थांबेनात. पलीकडून पुन्हा हाक आली, "दादा?" मग मीच मागच्या दारात गेले आणि पावसात ओरडून सांगितलं, "नाही काका. अगदी कोरडी आहे."